त्र्याहत्तरावं बिस्कीट

आमच्या हिला शाळेतली मुलं का-बाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण शाळेची भिंत आणि आमच्या बेकरीची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद बोळ तेवढा आहे, त्यामुळे पाठीमागचं सगळं आधी माझ्याच कानावर येतं. हे नाव कोणी ठेवलं ते मला अजून कळलेलं नाही. कळलं तर त्याला माझ्याकडून एक पाव फुकट, कारण नाव चोख ठेवलंय. उत्तर चुकलं की ही विचारते, का? बरोबर आलं तरी विचारते, का? मूल गप्प बसलं तर विचारते, गप्प का?

हे शाळेपुरतं असतं तर मी चकार शब्द काढला नसता. पण घरीही तोच खाक्या. दूध उतू गेलं की ओटा पुसायच्या आधी चौकशी सुरू, आजच का उतू गेलं, भांडं तेच, आच तीच, मग बदललं काय? मी म्हणतो, बदललं काही नाही, तू इकडे चौकशी करत बसलीस म्हणून गेलं. माझी आई म्हणायची, सून आणायला गेलो आणि फौजदार घेऊन आलो. म्हणायची, आणि हिलाच शेजारी बसवून दुपारभर कोडी घालायची.

ही अशी जन्मापासून नव्हती म्हणे. लहानपणी पाढे घडाघडा म्हणायची, पैकीच्या पैकी मार्क आणायची आणि कशाचा कशाशी संबंध आहे हे तिला ठाऊक नसायचं. असं तीच सांगते. शिकवायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात एका मुलाने विचारलं, बाई, शून्याने भागायचं का नाही? हिने सांगितलं, नियम आहे. तो म्हणाला, बरं, आणि खाली बसला. ते 'बरं' हिला लागलं. त्याने आणखी विचारायला हवं होतं, आणि आपण त्याला खाली बसवलं, असं तिच्या मनाने घेतलं. तेव्हापासून 'का'ने तिला जे धरलंय ते अजून सोडलेलं नाही.

उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीच्या आदल्या दिवशी शाळेत कोणाचंच लक्ष नसतं. मुलं शरीराने बाकावर आणि मनाने मैदानात. बाकीच्या बाई त्या दिवशी कपाटं आवरतात किंवा गाणी म्हणून घेतात. आमची ही त्या दिवशी गणित घेते, आणि मुलं त्या दिवसाची वर्षभर वाट बघतात. कारण त्या दिवशीचं गणित शेवटी खायचं असतं.

तिचं म्हणणं असं की पुस्तकातल्या टोपलीतल्या आंब्यांचं कुणाला काही पडलेलं नसतं. ते कुणाला मिळाले, किती मिळाले, मुलांच्या बापाचं काय जातं? पण समोर खरा केक असला आणि त्यातला तुकडा आपल्या वाट्याला येणार असला, की ढ म्हणवणारं पोरही डोळ्यांत तेल घालून बघतं. एका वर्षी तिने माझ्याकडून गोल केक नेला आणि विचारलं, सुरी तीनदाच चालवायची, जास्तीत जास्त तुकडे किती? मुलं सहावर आली, सातावर आली. मग एक पोरगा म्हणाला, केक मधून आडवा कापला तर आठ. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, मग वरच्या चौघांना क्रीम आणि खालच्या चौघांना कोरडा केक, हे आठ सारखे कसे? तिथून जी भांडणं जुंपली ती घंटा झाली तरी संपेनात. केकचा शेवटी भुगा झाला होता. ही घरी आली ती चेहरा उजळून. म्हणाली, अहो, आज 'सारखं' म्हणजे काय यावर छत्तीस जण भांडले. मी म्हटलं, माझ्या केकचं मातेरं झालं. ती म्हणाली, कशावरून? पोटात तर गेला ना?

नियम तिचा एकच. उत्तर चुकलं तरी खाऊ मिळणार, पण कारण सांगितल्याशिवाय मिळणार नाही. 'मला आपलं वाटलं' हेसुद्धा चालतं, फक्त पुढे 'का वाटलं' ते सांगावं लागतं.

आता यात माझी एक अडचण होती. आमच्या दुकानाची पद्धत आहे, मागितलेल्यापेक्षा एक बिस्कीट जास्त घालायची. सहा मागितली की सात, बारा मागितली की तेरा. हात आपोआप जातो. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. पण हिच्या गणितात ही पद्धत म्हणजे दुधात मिठाचा खडा. एका वर्षी वर्गात चोवीस मुलं आली होती आणि हिने माझ्याकडून मुद्दाम तेवीस बिस्किटं मागवली. एक कमी पडलं की मुलं काय करतात, कसं वाटून घेतात, हे तिला बघायचं होतं. मी बांधून दिली. वर्गात उघडून बघते तर चोवीस. प्रत्येकाला एक मिळालं, मुलांनी खाल्लं, गणित संपलं. संध्याकाळी ही घरी आली आणि माझ्याशी बोललीच नाही. तिने काही विचारलंही नाही, आणि आमच्या घरात त्याचा अर्थ प्रकरण हाताबाहेर गेलं असा होतो.

एवढी पार्श्वभूमी पुरे. आता त्या पोरीकडे येतो.

तिला वर्गात फाटेफोडी म्हणायचे. बोळाच्या तोंडाशी शिवणाचं दुकान आहे, त्या शिवणवाल्या बाईंची भाची. ती आणि तिची धाकटी बहीण, दोघी आत्याकडेच राहतात. आत्या मशीनवरून उठत नाही, त्यामुळे बिस्किटं न्यायला ही थोरलीच यायची. दोन वेण्या, एक वर, एक खाली, आणि डोळे असे की समोरच्याच्या खिशात काय आहे ते मोजून घेतील. पहिल्याच दिवशी माझ्या काउंटरवरची पाटी वाचून म्हणाली, काका, 'रोज ताजी' लिहिलंय, पण आजची ताजी का कालची रोज ताजी? मी म्हटलं, तुला घ्यायची आहेत का नाहीत? ती म्हणाली, घ्यायची आहेत, म्हणून तर विचारतेय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिस्किटं त्याच सकाळची होती.

तिने सहा मागितली. मी सात दिली. तिने तिथेच पुडी उघडली, मोजली आणि म्हणाली, एक जास्त आलंय. मी म्हटलं, असू दे, मोजताना चुकलं असेल. दुसऱ्या खेपेला पुन्हा सात. तिसऱ्या खेपेला तिने पुडी उघडलीच नाही, हातात तोलली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, तुम्ही चुकत नाही. चुकत असता तर एखाद्या वेळी पाचही आली असती."

मी गिऱ्हाइकांपुढे उगाच पाव सरळ करत बसलो. संध्याकाळी हे हिला सांगितलं ते तक्रार म्हणून, की तुझ्या शाळेत कसली कसली पोरं आहेत बघ. ही पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "ती असं म्हणाली? याच शब्दांत?" म्हणून तिने मला ते दोनदा सांगायला लावलं आणि तव्यावरची पोळी करपली.

त्या पोरीवरून शाळेत काय चाललंय ते मला तेव्हा कळलं. ती पुढच्या वर्षी हिच्याच वर्गातून वर जायची होती, आणि मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, तिला मागे ठेवायचं म्हणत होत्या. मोठ्या बाई दुष्ट नाहीत. त्यांच्या पायरीवर बसलेल्या मांजरालाही त्या वळसा घालून जातात. पण त्यांच्यापुढे त्या पोरीचा पेपर होता आणि पेपरात एकही उत्तर नव्हतं, सगळे प्रश्न. एका माणसाला भिंत बांधायला सहा दिवस लागतात, तर दोघांना किती? पोरीने खाली लिहिलेलं, 'ते दोघे गप्पिष्ट आहेत का?' मोठ्या बाईंचं म्हणणं सरळ होतं. अशी मुलगी पुढच्या वर्गात गेली तर तिथल्या बाईंच्या नाकी नऊ आणेल, तिचं स्वतःचं काही होणार नाही, आणि एखादं वर्ष मागे राहिली तर उत्तर द्यायला शिकेल. मागे राहायचं म्हणजे धाकट्या बहिणीच्या वर्गात, तिच्याच बाकावर. धाकटी अत्यंत गुणी, विचारलं तेवढंच सांगणारी.

शिवणवाल्या आत्याने हे ऐकल्यावर त्या दिवशी एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. दुकानात येऊन मलाच म्हणाली, भाऊ, तुमच्या घरातून काही होईल का? पोरगी वाईट नाही हो. पण बहिणीच्या शेजारी बसवलं तर ती कायमची गप्प होईल. तोपर्यंत ती पोरगी माझ्या डोक्यावर मिरे वाटायची, आणि आता तीच गप्प होईल म्हटल्यावर मला चैन पडेना. हे काय होतं मला सांगता येत नाही.

आमच्या हिने मोठ्या बाईंकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. सुट्टीच्या आदल्या दिवशीच्या खाऊच्या गणिताला त्यांनी वर्गात येऊन बसायचं, आणि त्या मुलीला सगळ्यांसारखाच प्रश्न विचारायचा. मोठ्या बाईंनी अट घातली, मला तिच्या तोंडून एक आकडा हवा, प्रश्न नको. आकडा आणि त्याचं कारण. ते धड आलं तर वर पाठवते.

आमच्याकडे पत्र्याचा एक जुना चौकोनी डबा आहे, वरचं झाकण काचेचं आणि पुढची बाजूही काचेची. पूर्वी काउंटरवर मांडायचो. हिने तो घासूनपुसून काढला आणि मला सांगितलं, यात बिस्किटं लावून द्या. वरून बघितलं की सहा ओळी, प्रत्येक ओळीत चार. पुढून बघितलं की तीन थर. मुलं म्हणतील चोवीस त्रिक बहात्तर. मग मी विचारणार, खालचे थर मधे कसे आहेत ते तुम्हाला दिसतंय का? मला त्यांच्या तोंडून 'जर' ऐकायचंय. छत्तीस मुलं, प्रत्येकाला दोन. मोजून बहात्तर हवीत. एकही जास्त नको. आणि थोड्या वेळाने भट्टीपर्यंत मागे येऊन पुन्हा म्हणाली, "अहो, बहात्तर. या खेपेला तुमची पद्धत नको."

मी लावायला बसलो. बहात्तर झाली. हात सवयीने ट्रेकडे गेला आणि त्र्याहत्तरावं बिस्कीट मधल्या फटीत उभं बसवून मोकळा झाला. झाकण लावलं, मग आठवलं. पुन्हा सगळं उपसलं, ते काढलं, पुन्हा मोजलं. बहात्तर. हे बिस्कीट मी खाऊन टाकलं म्हणजे ते पुन्हा डब्यात जायचा प्रश्न नको.

डबा जड आणि वर काच, म्हणून शाळेत न्यायला मीच गेलो. परत फिरायला लागलो तर मोठ्या बाई म्हणाल्या, बसा की, तुमच्याच खाऊचं गणित आहे. मला शेवटच्या बाकावर बसवलं. बाक असा की गुडघे हनुवटीला लागले. ही टेबलापाशी उभी, मोठ्या बाई खिडकीशी खुर्चीवर, आणि फाटेफोडी तिसऱ्या ओळीत, वेण्या त्या दिवशी आत्याने एकसारख्या घातलेल्या.

मुलं ओळीने येऊन डबा बघून गेली. मग हिने विचारलं, किती असतील? फळ्यावर बहात्तर आलं, एकाने चुकून साठ सांगितलं आणि वरची एक ओळ मोजायची राहिली ते स्वतःच दाखवून दिलं. त्यालाही शाबासकी मिळाली. एका मुलीने ते 'जर'ही म्हटलं, जर खाली पोकळ नसेल तर. ही एवढी खूश झाली की तिने खडू मोडला. मग वर्ग शांत झाला, कारण सगळ्यांना माहीत होतं आता कोणाची पाळी.

फाटेफोडी उठली, डब्याजवळ गेली, वरून बघितलं, पुढून बघितलं. मोठ्या बाईंनी पेन काढलं. पोरगी म्हणाली, "बाई, हा डबा कोणी भरलाय?"

मोठ्या बाईंनी एक सुस्कारा सोडला. प्रश्न नको म्हटलं होतं, आणि पोरीने आधी प्रश्नच टाकला. आमच्या हिचाही चेहरा उतरला, पण सवय कुठे जाते. ती म्हणाली, का?

"कोणी भरला त्यावर आहे ना. तुम्ही भरला असेल तर बहात्तर. पण काका मागे बसलेत म्हणजे त्यांनी भरलाय. मग त्र्याहत्तर." मग तिने वर्गाकडे तोंड करून समजावून सांगितलं, की हे काका कधीही मागितली तेवढी देत नाहीत, एक जास्तच घालतात. ते चुकून नाही, चुकून असतं तर कधी कमीही आलं असतं. वरून दिसत नाही, म्हणजे जास्तीचं मधे कुठेतरी आहे.

सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला. इतक्या वर्षांत एकदाच बायकोचं ऐकलं, आणि तेही नेमकं त्याच दिवशी. त्र्याहत्तरावं बिस्कीट माझ्या पोटात होतं आणि त्या पोरीचं अख्खं वर्ष त्यावर टांगलेलं. वाटलं, उठावं आणि सांगावं की होतं, अगदी तिथेच मधे होतं. पण हिने मला येतानाच दम दिला होता की वर्गात तोंड उघडायचं नाही. मी बाकाकडे बघत बसलो. बाकावर कोणीतरी कर्कटकाने एक मासा कोरला होता.

मोठ्या बाई म्हणाल्या, आकडा मिळाला. उघडा. दोन मुलांनी बिस्किटं काढून टेबलावर थरांनी लावली, वर्ग मोठ्याने मोजत होता. सत्तरच्या पुढे आवाज वाढला. एकाहत्तर, बहात्तर. डबा रिकामा. एकाने तो उलटा करून आपटलासुद्धा, चुरा पडला फक्त.

मुलं हसली. मुलं हसतातच, त्यात वाईट काही नसतं, पण तिथे बसून ते ऐकणं कठीण होतं. मोठ्या बाईंनी काहीतरी लिहायला सुरुवात केली. ही टेबलाची कड धरून उभी होती. माझी बायको रडत नाही, ती फक्त काहीतरी घट्ट धरते.

पोरगी मात्र जागेवर गेली नाही. तिने टेबलावरच्या थरांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मी आणखी खाली वाकलो. मग ती म्हणाली, "मग त्यांना कोणीतरी सांगितलंय, जास्त घालू नका म्हणून."

हसणं थांबलं. ही हळूच म्हणाली, का?

"कारण ते आपणहून बहात्तर घालणारच नाहीत. आणि सांगणारं माणूस त्यांच्या घरचं असणार. बाकी कोणी सांगितलं तर ते ऐकत नाहीत. मी तीनदा सांगितलं, ऐकलं नाही. आणि मघापासून ते वर बघत नाहीयेत."

मोठ्या बाईंचं पेन थांबलं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे. हिने टेबल सोडलं. म्हणाली, "हो. मी दोनदा बजावलं होतं."

वर्गात असा गलका झाला की शेजारच्या वर्गातली गाणी थांबली. मोठ्या बाईंनी हात वर करून शांत केलं आणि म्हणाल्या, पण उत्तर चुकलं ना? आमच्या हिने मान हलवली. ती म्हणाली, चुकलं. बाकीच्यांचं बरोबर आलं आणि तिथे त्यांचं गणित संपलं. हिचं चुकलं आणि ही पुढे निघाली. मला वर्षभर यांना एवढंच शिकवायचं होतं, आणि ते मी हिला शिकवलेलं नाही, ती येतानाच घेऊन आली. ती मागे राहिली तर तिचं जे जाईल ते मला परत आणता येणार नाही.

मोठ्या बाईंनी त्या मुलीला जवळ बोलावलं आणि स्वतः विचारलं. "हा डबा पुढच्या वर्षी पुन्हा भरून मागवला, तर किती निघतील?"

"बाई घरी असल्या तर बहात्तर," पोरगी म्हणाली. "माहेरी गेल्या असल्या तर त्र्याहत्तर."

मोठ्या बाईंना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या हसतात तेव्हा आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात आणि चष्मा खाली येतो. चष्मा वर करून म्हणाल्या, मी एक आकडा मागितला होता, दोन आले. आणि कागदावर लिहिलेलं खोडून त्यांनी दुसरं लिहिलं. पुढच्या वर्गाच्या बाईंना मी समजावते, एवढं म्हणून त्या उठल्या. जाताना एक बिस्कीट घ्यायला विसरल्या नाहीत, आणि मग एका मुलाला एकच आलं म्हणून पुन्हा नवं गणित सुरू झालं.

त्या गडबडीत फाटेफोडीने हिला विचारलं, बाई, पण काका एक जास्त का घालतात? आमची ही, जी देवालाही का म्हणून विचारेल, ती एकदम फळा पुसायला लागली. म्हणाली, तो तुला सुट्टीतला अभ्यास.

सुट्टीच्या पहिल्याच सकाळी पोरगी काउंटरपुढे हजर. एक वेणी वर, एक खाली. ही आतल्या खोलीतून येऊन माझ्या मदतीला उभी होती, सुट्टीत ती काउंटरवर असते. पोरीने सहा बिस्किटं मागितली, मी सात दिली, तिने न बघता पिशवीत टाकली आणि कामाला लागली. काका, ही पद्धत तुमच्या वडिलांची का? मी म्हटलं, दुकानाची. ती म्हणाली, दुकान बोलत नाही, कोणीतरी सुरू केली असेल. वडिलांच्या वेळी होती का? मी म्हटलं, पाव हवेत का तुझ्या आत्याला? ती म्हणाली, म्हणजे नव्हती. मग तुम्ही सुरू केली. "सगळ्यांत आधी कोणाला दिलं?"

मी म्हटलं, आठवत नाही. आणि भट्टीकडे बघायला वळलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. भट्टीत त्या वेळी काहीही नव्हतं.

पोरीने माझ्या पाठीकडे बघितलं, मग माझ्या बायकोकडे बघितलं. "बाई, तुम्ही का हसताय?" हिने काउंटरवरची बरणी उगाच फिरवून ठेवली. पोरगी "कळलं" म्हणाली, पिशवी उचलली आणि निघून गेली. दारातून परत येऊन एवढंच बोलली, की मी आत्ता सांगत नाही, शाळा उघडल्यावर तुम्ही विचारलंत तर कारणासकट सांगेन.

दुकानात आम्ही दोघंच राहिलो. मी काउंटर पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. आठवत तर सगळं होतं. पद्धत सुरू झाली त्या वेळी ही नव्याने शाळेत लागली होती, बोळाच्या पलीकडे खोली घेऊन एकटी राहायची. पहिल्यांदा बिस्किटं न्यायला आली तेव्हा मी सातवं घातलं. दुसऱ्या दिवशी ते कागदात गुंडाळून परत घेऊन आली, एक जास्त आलंय म्हणून. मी गडबडलो आणि म्हटलं, आमच्याकडे सगळ्यांनाच एक जास्त देतात. आत वडील ऐकत होते. तोंडातून गेलेला शब्द, आता काय करणार? त्या दिवसापासून अख्ख्या गावाला एक जास्त द्यावं लागलं. वडील मरेपर्यंत मला त्यावरून हसायचे, पण हिला काही बोलले नाहीत.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"तेव्हाच," ती म्हणाली. मी पहिल्यांदा दुकानात आले त्याच्या आदल्या दिवशी शाळेचा शिपाई स्टाफरूमच्या चहाला तुमच्याकडूनच बिस्किटं घेऊन आला होता, ती मोजून सहाच होती. मी परत करायला आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यालाही सात यायला लागली. दुकानाची पद्धत एका दिवसात बदलली, ती का बदलली हे कळायला गणित लागत नाही.

या बाईने मला दूध का उतू गेलं ते विचारलंय, पाऊल आधी डावं का टाकता ते विचारलंय, झोपेत का हसलात तेसुद्धा विचारलंय. मी म्हटलं, मग हेच तेवढं इतक्या वर्षांत एकदाही का विचारलं नाहीस?

तिने बरणीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "विचारलं असतं तर तुम्ही लाजून बंद केलं असतंत," ती म्हणाली. "मला ते बंद व्हायला नको होतं."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, कोपऱ्यावरचा घड्याळवाला. त्याने नेहमीप्रमाणे सहा मागितली. मी मोजायला लागलो, ही शेजारीच उभी होती, आणि त्या दिवशी माझं मोजणं खरोखरच चुकलं. किती गेली कोणास ठाऊक, घड्याळवाला काही परत करायला आला नाही.